गणिताचं सॉफ्टवेअर स्वतः शिकायचंय आणि वर्गातही वापरायचंय, सुरुवात कुठून करू?

फळ्यापलीकडे:

नमस्कार मंडळी. मी कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गणित शिकवतो, मुख्यतः कॅल्क्युलस आणि थोडं अल्जेब्रा. बरेच दिवस डोक्यात आहे की वर्गात एखादं गणिताचं सॉफ्टवेअर आणावं, नुसते ग्राफ काढून दाखवायला नाही तर पोरांनी स्वतः काहीतरी करून बघावं, अंदाज बांधावा, तो फसला तर का फसला हे शोधावं असं काहीतरी. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही त्याच्याशी खेळायचंय, शिकवायचं निमित्त आहे.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो वेगळंच नाव सांगतो. एक म्हणतो मॅटलॅबशिवाय पर्याय नाही, दुसरा म्हणतो जिओजेब्रा पुरे झालं, तिसरा म्हणतो पायथन शिका आणि बाकी सगळं विसरा. व्हिडिओ बघायला घेतले तर निम्मा वेळ इन्स्टॉल करण्यात जातो आणि उरलेला दोन अधिक दोन करून दाखवण्यात.

थोडं पायथन येतं म्हणून परवा घरीच घनमूळाचा ग्राफ काढून बघितला तर डावी बाजूच गायब, वर एक वॉर्निंग. मग नुसतं वजा ८ चं घनमूळ विचारलं, म्हणजे कंसात वजा ८ आणि त्याचा एक-तृतीयांश घात, तर उत्तर आलं १ अधिक १.७३२ आणि पुढे जे. आपण तर वजा २ शिकवतो ना? हे वर्गात झालं असतं तर पोरांना काय सांगायचं हे मला खरंच कळलं नसतं.

आणि कायमची भीती आहेच, की एकदा हे हातात दिलं की पोरं बटण दाबून उत्तर काढणार आणि विचार करणं बंद. वर्गात एक प्रोजेक्टर आहे, लॅब आहे पण मशिन जुनी आहेत. कुणी खरंच वर्गात वापरत असेल तर सांगा, काय वापरता आणि कसं.

संपात:

सर आधी घनमूळाचं बघू कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

वजा ८ ला तीन घनमुळं आहेत. एक वजा २, आणि दोन कॉम्प्लेक्स, १ अधिक-वजा वर्गमुळात ३ आय. पायथन ‘मुख्य’ मूळ देतं, म्हणजे वजा ८ चा कोन १८० अंश धरायचा, त्याचे तीन भाग करायचे, ६० अंशाच्या दिशेने २ लांबीचं टोक घ्यायचं, ते आलं १ अधिक १.७३२ आय. तो ‘जे’ म्हणजे आयच आहे, इलेक्ट्रिकलवाल्यांची सवय. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हसुद्धा हेच देतात, त्यांच्यात वजा २ पाहिजे असेल तर एनथरूट नावाचं वेगळं फंक्शन आहे. मॅथेमॅटिकातही क्यूबरूट वेगळं ठेवलंय. याउलट मॅक्झिमाला तोच घात दिला की ते गपगुमान वजा २ देतं कारण ते स्वतःहून रिअल संख्यांमध्ये काम करतं. म्हणजे बग कुठेच नाही, प्रत्येकाने एक निर्णय घेतलाय आणि तो आपल्याला न सांगता घेतलाय एवढंच. अजून एक गंमत, पायथनमध्ये एक भागिले तीन लिहिलंत की तो अपूर्णांक राहतच नाही, ०.३३३३ असा कुठेतरी कापलेला दशांश होतो, त्यामुळे तुम्ही घनमूळ मागताय हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्गच नाही.

मी तर म्हणतो हे मुद्दाम वर्गात होऊ द्या. पोरांना घनमूळ म्हणजे काय हे पाठ असतं पण तीनपैकी आपण एकच का घेतो हे कुणी कधी विचारलेलं नसतं.

आता कुठलं घ्यायचं. ही सगळी नावं एका रांगेत उभी करून तुलना करतात तिथेच गोंधळ होतो, कारण ही वेगवेगळ्या कामांची हत्यारं आहेत. मॅटलॅब, ऑक्टेव्ह, सायलॅब हे मुळात आकडे दळणारे, मॅट्रिक्स द्या, डेटा द्या, पटकन उत्तर. क्लीव्ह मोलर यांनी मॅटलॅब पहिल्यांदा लिहिलं ते विद्यार्थ्यांना फोर्ट्रान ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा न लिहिता मॅट्रिक्सच्या लायब्रऱ्या वापरता याव्यात म्हणून, म्हणजे मुळात ते शिकवण्यासाठीच होतं, कंपनी नंतर १९८४ ला झाली. मॅथेमॅटिका, मेपल, मॅक्झिमा, सिमपाय (ही पायथनमधलीच लायब्ररी) हे अक्षरांशी खेळणारे, एक्स हा एक्सच राहतो, एक-तृतीयांश हा एक-तृतीयांशच राहतो. जिओजेब्रा आणि डेसमॉस बोटाने ओढायचे, स्लायडर हलवला की आकृती हलते. आणि सेज म्हणजे सेजमॅथ ही एक मोठी पेटी आहे, २००५ ला विल्यम स्टाइन यांनी सुरू केली, तिच्या आत मॅक्झिमा, पारी, गॅप वगैरे गणिताची सॉफ्टवेअर बसलीत आणि वरून पायथन.

तुमच्यासाठी माझं मत, प्रोजेक्टरवर जिओजेब्रा, स्वतःसाठी मॅक्झिमा. डब्ल्यूएक्समॅक्झिमा घ्या, म्हणजे मॅक्झिमाच, पण खिडक्या-मेनूवालं, जुन्या मशिनवर निवांत चालतं, फुकट आहे, आणि त्याचं मूळ म्हणजे मॅक्सिमा (Macsyma) नावाचं जुनं सॉफ्टवेअर, एमआयटीत १९६८ च्या सुमारास सुरू झालेलं काम आहे त्यामुळे कॅल्क्युलस त्याला चांगलंच येतं. सेज विंडोजवर थेट बसत नाही, लिनक्सचा थर टाकावा लागतो, त्यापेक्षा ब्राउझरमध्ये सेजसेल उघडा, काहीही इन्स्टॉल न करता चार ओळी चालवता येतात, मोबाइलवर पण.

सुरुवातीला सगळे अडखळतात त्या जागा सांगून ठेवतो. मॅक्झिमात व्हेरिएबलला किंमत द्यायला बरोबरचं चिन्ह नाही, कोलन लागतो, बरोबर लिहिलंत तर ते समीकरण समजतं. ओळ संपली की सेमीकोलन, आणि चालवायला नुसतं एंटर नाही, शिफ्ट-एंटर. पायथनमध्ये घातासाठी दोन फुल्या, टोपीचं चिन्ह वापरलंत तर २ टोपी ३ चं उत्तर १ येतं कारण तिथे ते बायनरीतलं वेगळंच ऑपरेशन आहे, आणि एरर येत नाही हाच त्रास. सिमपायमध्ये एक्स हे चिन्ह आहे असं आधी सांगावं लागतं. मॅथेमॅटिकात फंक्शनचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि चौकोनी कंस. एवढं भिंतीवर चिकटवलं की पहिले दोन तास वाचतात.

कागदपेन्सिल:

मी विरुद्ध बाजूचा आहे, आधीच सांगतो. पोरांना साधे अवयव पाडता येत नाहीत, पार्शल फ्रॅक्शन म्हटलं की घाम फुटतो, आणि आपण त्यांच्या हातात असं यंत्र देणार जे एका क्लिकमध्ये सगळं करून देतं. वोल्फ्रम अल्फा २००९ पासून आहे, तेव्हापासून गृहपाठाच्या वह्या किती सुंदर झाल्यात बघा, सगळ्यांची उत्तरं बरोबर, आणि परीक्षेत तेच पोरगं पदावलीचा पूर्ण वर्ग करायला अडतं. हाताला वळण लागल्याशिवाय डोक्याला कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जिओजेब्राला माझी हरकत नाही, भूमितीत ते छान आहे. पण इंटिग्रेशन करून देणारं सॉफ्टवेअर पहिल्या वर्षाला? आधी हाताने शंभर करा मग बघू.

चलराशी:

कागदपेन्सिल, तुमचा राग समजतो पण तुम्ही ज्याला विरोध करताय तो ‘उत्तर काढून घेणं’ हा वापर आहे, आणि तो तर मोबाइलवर होणारच, आपण वर्गात आणलं काय न आणलं काय. प्रश्न असा आहे की वर्गात आपण त्याचं काय करतो.

एक उदाहरण देतो. एक्सचा एन वा घात, याचं इंटिग्रेशन. पोरांना विचारा, सगळे एका सुरात सांगतील, घात एकने वाढवा आणि त्यानेच भागा. आता मॅक्झिमाला तेच सांगा. ते उत्तर देत नाही. ते थांबतं आणि उलट तुम्हालाच विचारतं, एन ही वजा १ आहे का? आणि तुम्ही हो किंवा नाही टाइप करून सेमीकोलन देईपर्यंत ढिम्म हलत नाही. हो म्हटलं तर लॉग, नाही म्हटलं तर नेहमीचं. वर्गात हे पहिल्यांदा झालं की दोन सेकंद शांतता असते आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, अरे हो की, खाली शून्य येईल. ‘एन वजा १ नसेल तर’ ही अट पुस्तकात सूत्राच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेली असते, ती आजवर कुणी वाचली होती?

आता तेच सिमपायला विचारा, ते न विचारता दोन्ही शक्यता एका महिरपी कंसात मांडून देतं. मॅथेमॅटिका नुसतं नेहमीचं सूत्र देऊन मोकळं होतं. तीन सॉफ्टवेअर, तीन स्वभाव, आणि पोरांना विचारायचं की यातलं बरोबर कोण. माझा एक अख्खा तास यावर जातो आणि त्यात हाताने करायचं कामच जास्त असतं, बटण दाबायचं कमी.

दुसरं, वर्गमुळात एक्सचा वर्ग. मॅक्झिमा म्हणतं एक्सची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू. सिमपाय काहीच करत नाही, आहे तसंच ठेवतं, कारण एक्स रिअल आहे हे तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही. एक्स पॉझिटिव्ह आहे असं सांगून परत विचारा, मग एक्स देतं. आपली पोरं वर्ग आणि वर्गमूळ बिनधास्त काटतात, ती सवय मोडायला माझ्या दहा लेक्चरपेक्षा हे जास्त कामाला येतं.

माझा वर्गातला नियम एकच, शिफ्ट-एंटर दाबायच्या आधी प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं. बरोबर-चूक कसंही, पण लिहायचं, पेनने. मग दाबायचं. लिहिलेलं आणि आलेलं वेगळं असेल तर तिथून तास सुरू होतो. सारखं असेल तर पुढे.

आणि आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये हे शिकवायला माझी आवडती दोन खेळणी. पहिलं, एक अधिक एक भागिले एन, आणि सगळ्याचा एन वा घात. एन वाढवत न्या, २.७१८ कडे जाताना दिसतं, पोरं खूष. मग एन १० चा १५ वा घात ठेवा, उत्तर येतं ३.०३५. आणि १० चा १६ वा घात ठेवला की उत्तर चक्क १. मशिनकडे साधारण १६ अंकांची जागा असते, एकमध्ये इतकं बारीक काही मिळवलं की ते पुसलंच जातं आणि एकचा कितीही घात करा तो एकच. लिमिटची व्याख्या चुकली नाही, मशिनची जागा संपली. मग तेच मॅक्झिमात अपूर्णांक अपूर्णांकच ठेवून लिमिट विचारलं तर ते सरळ ई देतं. आकडे दळणारं आणि अक्षरांशी खेळणारं यातला संपातने सांगितलेला फरक पोरांना इथे कळतो, व्याख्या सांगून नाही कळत.

दुसरं जास्त खोडकर आहे. ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये लिनस्पेसने, म्हणजे सारख्या अंतरावर बिंदू घेणाऱ्या कमांडने, ० ते २ पाय घ्या, किती बिंदू पाहिजेत ते सांगू नका, ते आपोआप १०० घेतं. आता साइन १०० एक्सचा ग्राफ काढा. पडद्यावर १०० लाटांची दाटी यायला पाहिजे ना? येते एकच गुळगुळीत लाट, हुबेहूब साइन एक्ससारखी. कारण १०० बिंदूंमध्ये ९९ भाग, प्रत्येक बिंदूवर साइन १०० एक्सची किंमत आणि साइन एक्सची किंमत तंतोतंत एकच, पूर्ण फेऱ्या सोडून दिल्या की ९९ मधला एक भाग तेवढा उरतो. हे कागदावर सोडवून दाखवा म्हटलं की ट्रिगनॉमेट्रीची उजळणी आपोआप होते. साइन ९८ एक्स टाकलं तर लाट उलटी येते, तेही त्यांनाच शोधू द्या.

लब्धी:

वर सगळ्यांनी ‘मशिन कसं फसवतं’ यावर लिहिलंय, ते बरोबरच आहे पण सरांनी एक्सप्लोर करायचं पण विचारलंय ना. त्यासाठी माझ्याकडे एक ठरलेला प्रयोग आहे आणि तो मी कुणालाही पहिला हाच देते, कारण त्याला कमांड एकच लागते, फॅक्टर.

एक्सचा एन वा घात वजा १, याचे अवयव. एन २ पासून एक एक वाढवत जायचं आणि जे दिसेल ते लिहून काढायचं. बस, अजून काही सांगायचं नाही. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतं की एक्स वजा १ कायम आहे. मग कुणीतरी म्हणतं एन मूळ संख्या असेल तर अवयव दोनच. मग थोडा वेळ जातो आणि अवयवांची संख्या म्हणजे एनच्या विभाजकांची संख्या हे सापडतं, १२ ला सहा विभाजक आणि एक्सचा १२ वा घात वजा १ ला सहा अवयव. इथपर्यंत सगळं गोड आहे. आणि मग हमखास कुणीतरी म्हणतं, मॅडम, अवयवांमध्ये सहगुणक फक्त ०, १ नाहीतर वजा १ येतात. २० पर्यंत बघितलंय, ५० पर्यंत बघितलंय, १०० पर्यंत पण.

मी तेव्हा फक्त एवढंच विचारते, कायम? आणि गप्प बसते.

१०४ पर्यंत ते खरं आहे. १०५ ला मोडतं. ४८ घाताचा एक लांबलचक अवयव येतो आणि त्यात एक्सच्या ७ व्या आणि ४१ व्या घातासमोर वजा २ बसलेला असतो. हाताने हे कुणी कधी बघितलं नसतं, ४८ घाताची बहुपदी कोण पाडणार. आणि आता खरा प्रश्न, १०५ च का? १०५ म्हणजे ३ गुणिले ५ गुणिले ७, पहिल्या तीन विषम मूळ संख्या, हे त्यांना पटकन दिसतं. मग ते पुढचा अंदाज बांधतात की तीन वेगवेगळ्या विषम मूळ संख्या आल्या की २ येणारच. १६५ बघतात, बरोबर. १९५, बरोबर. मग २३१, म्हणजे ३, ७, ११. आणि तिथे परत सगळे ०, १, वजा १. अंदाज साफ आडवा. त्या तासाला वर्गातून कुणी लवकर निघत नाही एवढं नक्की.

कागदपेन्सिल, यात विचार बंद होतो का चालू होतो तुम्हीच सांगा. हाताने शंभर करा म्हणता, इथे शंभर करूनही खोटाच निष्कर्ष हाती लागतो :)

आणि हो, सॉफ्टवेअर कुठलं याने इथे फरक पडत नाही. मॅक्झिमा, सेज, सिमपाय, मेपल, सगळ्यांत फॅक्टर आहे. जिओजेब्राच्या कॅस (अक्षरांचं गणित करणाऱ्या) खिडकीत पण आहे, तिच्या आत जियाक नावाचं वेगळंच इंजिन आहे, पण लांब बहुपदी वाचायला तिथे जागा कमी पडते.

कागदपेन्सिल:

लब्धी मॅडम, १०५ चं मला माहीत नव्हतं, आत्ताच करून बघितलं, वजा २ दिसला. मानलं. पण माझा मुद्दा यातूनच पक्का होतो, बघून सिद्ध होत नाही, सिद्धता ही लागतेच, आणि ती कागदावरच होते.

तुमच्याच बाजूचं पण माझ्या मुद्द्याचं उदाहरण देतो. साइन एक्स भागिले एक्स, ० ते अनंत इंटिग्रेशन, पाय भागिले २. आता त्याला साइन एक्स बाय ३ भागिले एक्स बाय ३ ने गुणा, तरी पाय भागिले २. मग ५ चं पद, ७ चं, ९, ११, १३, प्रत्येक वेळी तेच, पाय भागिले २. आणि १५ चं पद आलं की उत्तर पाय भागिले २ पेक्षा किंचित कमी, इतकं किंचित की दशांशानंतर दहा घरं तपासली तरी फरक दिसत नाही. डेव्हिड आणि जोनाथन बोरवाइन या गणितज्ञ बापलेकांचं काम आहे हे, २००१ चं. सॉफ्टवेअरमध्ये हे आलं तेव्हा बघणाऱ्याला बगच वाटला होता, आणि बग नव्हता. कारण अगदी साधं आहे, १/३ अधिक १/५ असं १/१३ पर्यंत मिळवत गेलं की बेरीज १ च्या आत राहते, साधारण ०.९५५, आणि १/१५ मिळवलं की १ ओलांडते. हे कारण सॉफ्टवेअरने नाही सांगितलं, माणसाने शोधलं.

संपात:

आता तुम्ही आमच्याच बाजूला येऊन बसलात की :) सिद्धता लागते यावर इथे कुणाचं दुमत नाहीये. पण १५ ला काहीतरी मोडतं हे दिसल्याशिवाय ‘का’ हा प्रश्न तरी कुणाला पडला असता? आणि हातावर इतकाही भरवसा नको, एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ डेलॉने यांनी चंद्राच्या गतीचं बीजगणित हाताने करण्यात सुमारे २० वर्षं घातली, १९७० च्या सुमारास तेच कॉम्प्युटरवर साधारण २० तासांत तपासलं गेलं आणि त्यात मोजक्या का होईना चुका सापडल्या. मोजक्याच सापडल्या हे जास्त थक्क करणारं आहे असंही तुम्ही म्हणाल, आणि तेही खरंच.

फळ्यापलीकडे:

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मॅक्झिमा टाकलं, जुन्या मशिनवर खरंच चाललं. एन वजा १ आहे का हा प्रश्न स्क्रीनवर आल्यावर मी स्वतःच हसलो. कोलनच्या जागी बरोबरचं चिन्ह मात्र अजून टाकलं जातंय.

दोन शंका राहिल्या. एक, २३१ पर्यंत एक एक एन हाताने टाकत बसायचं का, पोरांचा धीर सुटेल. आणि दुसरी, गृहपाठाचं काय, कागदपेन्सिल यांचा तो मुद्दा मला अजून टोचतोय. प्रश्न कसे काढायचे की कॉपी-पेस्ट करून भागणार नाही?

चलराशी:

गृहपाठाचं माझ्यापुरतं सांगतो. ‘अवयव पाडा’, ‘इंटिग्रेट करा’ असे प्रश्न घरी देणं मी सोडलंय, ते वर्गात, कागदावर, फोन बॅगेत. कागदपेन्सिल म्हणतात ते वळण तिथे लागतं आणि ते लागायलाच हवं, त्यात वाद नाही. घरी उलटे प्रश्न देतो. म्हणजे असं, सॉफ्टवेअरने एकाच इंटिग्रेशनला दोन ठिकाणी दोन वेगळी दिसणारी उत्तरं दिली आहेत, एकात साइनचा वर्ग आहे आणि दुसऱ्यात कॉस २ एक्स, दोन्ही बरोबर आहेत का आणि असतील तर कशी? फरक कॉन्स्टंटचा निघतो, पण तो काढायला आयडेंटिटी यावी लागते. किंवा, असा ग्राफ शोधून आणा जो सॉफ्टवेअर चुकीचा काढतं आणि का चुकतो ते चार ओळीत लिहा. यात टॅनच्या ग्राफमधल्या त्या खोट्या उभ्या रेघा हमखास येतात, साइन एक भागिले एक्स येतं शून्याजवळ पार घोळ झालेलं, आणि कधीकधी असं काही येतं की आपल्यालाच बसून विचार करावा लागतो. त्याला कॉपी करायला जागाच नसते, कारण प्रत्येकाचा ग्राफ वेगळा. तपासायला वेळ जास्त लागतो हे मात्र कबूल, साठ वह्या असतील तर जोड्या करा.

आणि अजून एक, सॉफ्टवेअरची कमांड पाठ आहे का यावर मार्क देऊ नका. काही ठिकाणी प्रॅक्टिकलला सेमीकोलन विसरला म्हणून मार्क कापतात, मग पोरं वैतागणारच आणि गणित राहतं बाजूला.

लब्धी:

लूप लावा सर, हाताने नको. सुरुवातीचे वीसेक मात्र हातानेच करू द्या, नजर त्यातच बसते. मग सेजसेल उघडा. सेजमध्ये सायक्लोटॉमिक पॉलिनॉमियल हे फंक्शन तयारच आहे, एन दिला की तो शेवटचा लांब अवयव थेट मिळतो, सगळे अवयव पाडायची गरज नाही, कारण बाकीचे अवयव एनच्या लहान विभाजकांचेच असतात. त्याच्या सहगुणकांची यादी मागायची, प्रत्येकाची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू, त्यातली सगळ्यात मोठी, आणि ती १ पेक्षा जास्त असेल तरच एन छापायचा. तीन ओळींचा प्रोग्राम आहे, १ ते ४०० चालवला तरी लगेच होतो. पूर्ण बहुपदी छापायला लावू नका नाहीतर स्क्रीन भरून जाते आणि २ शोधताना डोळे जातात.

यादीत पहिला १०५, मग १६५, १९५, मग २१० येतो, म्हणजे १०५ ची दुप्पट, तिथे पोरांना विचारा की दुप्पट केल्याने बहुपदीत काय बदलतं, एक्सच्या जागी वजा एक्स टाकून बघा म्हणावं. २३१ यादीत नसतो हे त्यांनाच बघू द्या, आधी सांगू नका. आणि ३८५ ला पहिल्यांदा ३ दिसतो, तो ५, ७, ११ चा गुणाकार.

एनच्या अवयवांत दोनच विषम मूळ संख्या असतील तर ०, १, वजा १ च्या बाहेर जाता येत नाही, हे मिगोटी या गणितज्ञाने १८८३ सालीच सिद्ध केलंय, आणि ती सिद्धता दुसऱ्या वर्षाच्या हुशार पोराला मदत केली तर झेपते. कागदपेन्सिल, ती तुम्ही घ्या ना वर्गात, फळ्यावर.

कागदपेन्सिल:

घेतो की. पण आधी वीस हाताने, ते लिहून ठेवा.